उजव्या बाजूचा डाग

लेकहॅवन
९ जानेवारी १९७७

ती. लुडमिला मावशीस,
डॉमिनिकचा शि. सा. न. वि. वि.

नाताळचं पार्सल पोचलं. अक्रोडाचे रोल संघातल्या तिघा दांडग्यांनी उभ्या उभ्या संपवले आणि तुझ्याशी लग्न कोणी करायचं यावरून भांडले. मला मात्र दोन घासही धड गेले नाहीत. फोन केला असता, पण शाळेच्या धुलाईखोलीतल्या यंत्रांनी तीस वर्षांत तुझे कान खाल्लेत, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

फुटबॉलचा हंगाम तू टीव्हीवर पाहिलासच. क्वार्टरबॅक म्हणून, चेंडू फेकणारा म्हणून, मला दहा सामने मिळाले. दोन जिंकलो, आठ हरलो. इथल्या वर्तमानपत्रात एकाने लिहिलं की पोराचा हात उत्तम आहे, फक्त आपल्या संघाच्या सदऱ्यांचा रंग कोणता ते त्याला कोणीतरी सांगा. आठांपैकी सात हारी मी माझ्या पदरात घेतो. घाई केली, घाबरलो, धिप्पाड गडी अंगावर येताना डोळे मिटले. आई गेल्यापासून तूच मला वाढवलंस, तुझ्यापाशी कसली लाज? पण आठवी हार माझी नाही. ती चोरीची आहे.

डिसेंबरातला रिव्हर्टनशी झालेला तो शेवटचा सामना. माझे पाच पास त्यांनी मधल्या मध्ये पकडले. मी चेंडू फेकणार की धावणाऱ्याच्या हाती सोपवणार, हे त्यांना माझ्याआधी कळत होतं. सामना संपल्यावर अँडी कोव्हालिक आला. आपला अँडी! शाळेत चार वर्षं मी फेकायचो आणि तो झेलायचा. आता तो त्यांच्या बचावफळीत आहे आणि पाचांतले दोन पास त्यानेच पकडले. माझा हात दाबून, हसत, कानाशी लागून म्हणाला की विजारीला हात पुसायची सवय सोड रे बाबा.

तेव्हा अर्थ लागला नाही. मग महिनाभर सगळ्या सामन्यांच्या फिती पाहत बसलो. मावशी, पास टाकायचा असला की मी दर वेळी आधी उजवा हात विजारीच्या उजव्या बाजूला पुसतो. चेंडू दुसऱ्याला सोपवायचा असला की पुसत नाही. आमच्या प्रशिक्षकांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. मग रिव्हर्टनला सांगितलं कोणी? हे ठाऊक असणारी माणसं दोनच. चार वर्षं माझ्याबरोबर खेळलेला अँडी आणि माझ्या विजारी धुणारी तू. तू तर माझी. म्हणजे घरभेदी कोण ते उघड आहे, आणि वर कानाशी येऊन चिडवण्याचा निर्लज्जपणाही त्यानेच केला.

जूनमध्ये त्याचं लग्न आहे आणि मी त्याचा करवला व्हायचं ठरलंय. बघू. पण त्याचं उट्टं काढल्याशिवाय मी हा खेळ सोडणार नाही, एवढं तुला शपथेवर सांगतो.

माझ्या वाट्याचा लोभ हरलो म्हणून कमी करू नकोस.

तुझा,
डॉमिनिक

———

डोरन्स रन, पेनसिल्व्हेनिया
२० जानेवारी १९७७

चि. डॉमिनिक यास,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचताना इस्त्री तशीच खाली राहिली आणि शाळेच्या बँडचा एक सदरा जळला. त्याचं पाप अँडीच्या डोक्यावर.

हात पुसायची ती सवय मीच तुला लावली. लहानपणी बरबटलेले हात घेऊन धुतलेल्या कपड्यांत शिरायचास, म्हणून मी कावायचे की आधी हात पूस आणि मग वस्तूला हात लाव. तू बेट्या चेंडूलाही तेच लावलंस. शाळेच्या संघाच्या पन्नास विजारींच्या ढिगातून तुझी मला नाव न वाचता सापडायची, उजवी बाजू काळीकुट्ट. ज्या शुक्रवारच्या सामन्यात नुसतीच पळापळ झाली, त्या आठवड्यात ती बाजू स्वच्छ निघायची.

आणि त्या अँडीने माझ्या स्वयंपाकघरात बसून किती रोल खाल्लेत! खाल्ल्या मिठाला जागला नाही मेला. रविवारी चर्चमध्ये त्याची आई व्हेरोना माझ्याकडे बघून हसली. मी मेणबत्त्यांकडे बघत राहिले.

पण माझं ऐक. रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की कायमचा बसतो. तो थंड पाण्यात काढायचा असतो. तुझा राग तसा थंड ठेव. कोणाशी बोलू नकोस, वर्तमानपत्रवाल्यांशी तर मुळीच नाही. जेव, घाम गाळ आणि सप्टेंबर येऊ दे. आपण त्याला असं पाणी पाजू की सात पिढ्या तहान लागणार नाही.

बाकी क्षेम. नोव्हेंबरात हिरव्या टोपीचा एक पत्रकार धुलाईखोलीत आला होता. गावातून मोठ्या झालेल्या पोरांवर लेख लिहितो म्हणाला. त्याचं कात्रण अजून आलं नाही. तुझ्या वहीत एक अख्खं पान मोकळं ठेवून बसलेय. गोडबोल्या माणसांचं हे असंच.

प्रकृतीला जप. आशीर्वाद आहेत, ते कधी मागावे लागणार नाहीत.

तुझी,
लुडमिला मावशी

———

लेकहॅवन
१८ एप्रिल १९७७

ती. लुडमिला मावशीस,
डॉमिनिकचा शि. सा. न. वि. वि.

ईस्टरचा गोड पाव मिळाला. या वेळी कोणाला दाखवलाच नाही, एकट्याने खाल्ला.

बातमी चांगली नाही. संघाने व्हर्न टॅलबट नावाचा तेहतीस वर्षांचा जुना क्वार्टरबॅक आणलाय. त्याचे गुडघे मोडकळीला आलेत, पण डोकं शाबूत आहे. प्रशिक्षकांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं की पहिला सामना तुझा. जिंकलास तर संघ तुझा, हरलास तर टॅलबटचा, आणि मग तुला ठेवायचं की घरी पाठवायचं ते नंतर बघू. पहिला सामना कोणाशी असेल, सांग. अठरा सप्टेंबर, रिव्हर्टन. देव आहे म्हणतात ते उगाच नाही.

अँडीची लग्नपत्रिका आली. मी ती परत पाठवली. एक अक्षरही लिहिलं नाही. जुन्या सरावाच्या विजारीचा उजव्या बाजूचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि पाकिटात घातला. त्यानंतर त्याचे चार फोन आले. मी घेतले नाहीत. माझ्याबरोबर राहणाऱ्या गड्याला म्हटलं, सांग की हात पुसतोय.

तुला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं. आवडलं तर एक रोल जास्त पाठव.

तुझा,
डॉमिनिक

———

डोरन्स रन
१० जून १९७७

चि. डॉमिनिक यास,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तुकडा मला आवडला. आता माझं ऐक.

उद्या अँडीचं लग्न. आपल्या गावात लग्नात नवरी कशी दिसली हे चार दिवसांत विसरतात, पण बिस्किटांच्या टेबलावर काय काय होतं ते नातवंडांना सांगतात. दोन्हीकडच्या मावश्या, आत्या, शेजारणी महिनाभर भाजत असतात. मी व्हेरोनाला वीस डझन रोल कबूल केले होते. टेबलाची मधली जागा गेली पंचवीस वर्षं माझी आहे.

सोमवारी तिला निरोप धाडला की माझी भट्टी बिघडली. बिचारीने लगेच स्वतःच्या स्वयंपाकघराची किल्ली पाठवली. मी म्हटलं, माझे हातही बिघडलेत. मग काल सकाळी खिडक्या सताड उघड्या टाकून वीस डझन रोल भाजले. वास पार तिच्या अंगणापर्यंत गेला असणार. भाजून झाल्यावर सगळे ट्रे घेऊन तिच्या दारावरून गेले आणि अग्निशामक दलाच्या पोरांना वाटून आले. ती पायरीवर उभी होती.

पस्तीस वर्षांची मैत्रीण आहे. असू दे. तिने पोराला वाढवताना लक्ष द्यायला हवं होतं.

तुझ्यासाठी चार रोल राखून ठेवलेत. लोभाला भट्टी लागत नाही, तो आहे तसाच ऊबदार आहे.

तुझी,
लुडमिला मावशी

———

१३ जून १९७७

लुडमिला हिस,
व्हेरोना कोव्हालिकचा नमस्कार.

तुझं-माझं बोलणं बंद आहे म्हणून लिहिते. मीच येऊन दारातून आत सरकवणार आहे, बेल वाजवणार नाही.

लग्न झालं. टेबलाच्या मध्ये हातभर जागा रिकामी राहिली. मी तिथे फुलदाणी ठेवली. आलेल्या प्रत्येकीने फुलदाणी बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. काल मी रडत होते तेव्हा अँडीने मला जे सांगितलं, ते तुला सांगू नये म्हणून त्याने हात जोडले होते. मी सांगणार आहे.

रिव्हर्टनच्या लोकांनी गेल्या नोव्हेंबरात डॉमिनिकची माहिती काढायला इथे एक माणूस पाठवला होता. हिरवी टोपी. पत्रकार म्हणून तुझ्या धुलाईखोलीत आला. तू त्याला कॉफी पाजलीस, तीन रोल वाढलेस आणि विजारीच्या उजव्या बाजूची सगळी कथा ऐकवलीस, धुण्याच्या पावडरीसकट. त्याने ते तिकडे भर बैठकीत हसत हसत सांगितलं की संघाच्या धुणाऱ्या बाईनेच पोराला विकला, आणि तेही फुकट. अँडी तिथे बसला होता. बाहेर कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. तरी सामना संपल्याबरोबर त्याने डॉमिनिकच्या कानात सांगितलं, की सवय सोड. तुझं नाव घेतलं नाही. म्हणाला, मावशीला कळलं तर ती जिवंतपणी मरेल.

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे. पण वीस डझन रोल भाजून माझ्या दारावरून नेशील हे माहीत नव्हतं.

लोभ होता.

व्हेरोना

———

लेकहॅवन
३ जुलै १९७७

ती. लुडमिला मावशीस,
डॉमिनिकचा शि. सा. न. वि. वि.

रोलचं वाचून इतका हसलो की शेजारच्याने भिंत ठोकली. पुढे काय झालं? व्हेरोनाकाकूचं तोंड कसं झालं? अँडी काय म्हणाला? तीन आठवडे तुझं पत्र नाही, असं कधी होत नाही.

मी रोज दोनशे पास टाकतो. जाळीवर पांढऱ्या रंगाने अँडीचा एकतीस आकडा काढलाय, तोच नेम. हात पुसायची सवय गेली. पहिले पंधरा दिवस उजव्या बाजूला खाजकुइलीची शेंग शिवून घ्यावी असं वाटत होतं. आता हात तिकडे जातच नाही. टॅलबट भला माणूस आहे. कोणावर एवढा नेम धरतोस म्हणून त्याने विचारलं. म्हटलं, जुन्या मित्रावर. तो म्हणाला की मग लागेल.

लवकर लिही. लोभ पोस्टात अडकलाय असं समजतो.

तुझा,
डॉमिनिक

———

डोरन्स रन
१२ ऑगस्ट १९७७

चि. डॉमिनिक यास,
मावशीचे आशीर्वाद.

लग्नाचं काय लिहू? झालं.

एक सांगते तेवढं कर आणि कारण विचारू नकोस. अठरा सप्टेंबरपर्यंत कोणासमोर काही करू नकोस. त्या दिवशी रिव्हर्टनसमोर उभा राहिलास की चेंडू दुसऱ्याला सोपवायच्या आधी, दर वेळी, हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी ओढ. पास टाकायचा असेल तेव्हा पट्टीला हात लावू नकोस. एकदाही चुकू नकोस. मी इथे काहीतरी पेरलंय, ते उगवेल.

मी आजवर तुला चुकीचं सांगितलं का, असं विचारणार होते. विचारत नाही.

तुझी,
लुडमिला मावशी

———

लेकहॅवन
१९ सप्टेंबर १९७७

ती. लुडमिला मावशीस,
डॉमिनिकचे एकदम सत्तावीस शि. सा. न.!

सत्तावीस-दहा! टीव्हीवर पाहिलंस ना? माझा एकही पास त्यांच्या हाती लागला नाही. तू चेटकीण आहेस. मी पट्टी ओढली की ते सगळे पास येणार म्हणून मागे पळायचे, आणि आमचा गडी मोकळ्या रानातून धावायचा. पट्टी ओढली नाही की सगळे पुढे धावून यायचे, आणि मी त्यांच्या डोक्यावरून टाकायचो. तिसऱ्या डावात, म्हणजे तिसऱ्या पावतासात, प्रशिक्षकांनी विचारलं की ते गाढवासारखे का वागताहेत. म्हटलं, माझ्या मावशीला विचारा.

दोन पास थेट अँडीच्या डोक्यावरून गेले. दोन्ही वेळा तो मला फसून पुढे आला आणि मागे वळेपर्यंत खेळ खलास. दुसऱ्या वेळी तो गुडघ्यावर बसून राहिला. त्यांचे प्रशिक्षक ऐंशी हजार लोकांसमोर त्याच्यावर ओरडत होते. नऊ महिने मी याच दृश्याची वाट पाहिली होती.

शेवट ऐक. सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला, हात पुढे केला. सगळे कॅमेरे वळले. मी माझा उजवा हात विजारीला सावकाश, नीट पुसला, त्याच्या हाताकडे बघितलं आणि पाठ फिरवून चालू लागलो. झालं उट्टं.

प्रशिक्षकांनी संघ माझा म्हणून सांगितलं. टॅलबटने पाठ थोपटली, पण का कोण जाणे, लगेच आपलं सामान आवरायला वळला.

आता तरी सांग, पेरलं होतंस काय? आजच्या दिवस लोभ मागत नाही, मिरवतो.

तुझा,
डॉमिनिक

———

डोरन्स रन
२३ सप्टेंबर १९७७

चि. डॉमिनिक यास,
आशीर्वाद लिहायचा आज मला अधिकार आहे की नाही, माहीत नाही. तरी लिहिते.

हिरव्या टोपीचा पत्रकार पत्रकार नव्हता. रिव्हर्टनचा होता. मी त्याला रोल वाढले आणि तुझं कौतुक करता करता विजारीचं सगळं सांगून बसले. दोन माणसांनाच ठाऊक होतं असं तू लिहिलं होतंस. त्यातली दुसरी मी. घरभेदी मी आहे, डॉमिनिक. अँडीने तुझ्या कानात सांगितलं ते चिडवणं नव्हतं, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून तुला सावध केलं होतं. सोबत व्हेरोनाचं पत्र जोडते, वाच.

हे मला जूनमध्ये कळलं. तुला कळवलं नाही. स्वतःला सांगितलं की पोराचा राग उतरला तर टॅलबट खेळेल. ते खोटं. मला भीती वाटली, एवढंच खरं.

ऑगस्टमध्ये तो टोपीवाला पुन्हा आला, सवय गेली का ते बघायला. मी हसले, कॉफी ओतली, ताजे रोल वाढले. म्हटलं, पुसणं सुटलं हो त्याचं, पण आता पास टाकायच्या आधी बिचारा हनुवटीची पट्टी ओढतो. त्याने लिहून घेतलं आणि आणखी एक रोल मागितला. तोही दिला. इतकं समाधान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. माझा सूड त्या टोपीवर होता. तिथे मैदानावर अँडी उभा असेल आणि त्याला हुकमाप्रमाणे धावावं लागेल, हे मला कळायला हवं होतं. कदाचित कळलं होतं.

मंगळवारी रिव्हर्टनने अँडीला काढून टाकलं. कोणावर तरी खापर फोडायचं होतं.

तू हात पुसलास ते मी टीव्हीवर पाहिलं. हात पूस आणि मग वस्तूला हात लाव, असं शिकवलं होतं मी. हात पुसून माणसाला टाकून जा, असं नव्हतं शिकवलं. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

लुडमिला मावशी

———

लेकहॅवन
४ ऑक्टोबर १९७७

ती. लुडमिला मावशीस,
डॉमिनिकचा शि. सा. न. वि. वि.

अकरा दिवस तुला पत्र लिहिलं नाही. तेवढाच तुझ्यावर सूड. याहून मोठा सुचला नाही, आणि सुचला असता तर घेतला असता, हेही लिहून टाकतो.

अँडीला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. अँडी घरी नाही म्हणाली. मागे तो खोकत होता, त्याचा खोकला मी शंभरांत ओळखतो. मग म्हणाली की तो हात पुसतोय. मी फोन ठेवला. टॅलबटला सगळं सांगितलं. तो म्हणाला की सामना एक गडी जिंकतो असं लोकांना वाटतं, आणि हरतोही एकच असं वाटतं, दोन्ही खोटं. पण हात न मिळवणं मात्र एकट्याचंच असतं.

मी अँडीला सहा पानं लिहून पाठवली. साउथ मेसाच्या संघाने त्याला घेतलंय असं कळलं, मोजून एका हंगामासाठी. आता तुझी शिक्षा. वीस डझन रोल भाज. रविवारी चर्च सुटल्यावर, सगळा गाव रस्त्यावर असताना, दोन्ही हातांत ट्रे घेऊन समोरच्या रस्त्याने व्हेरोनाकाकूच्या दारी जा. बेल नाकाने वाजव. दार उघडलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा वीस डझन.

मी रागावलोय. तरी रोज तुझीच वाट पाहतो पोस्टात. लोभाचं काय करायचं ते तूच सांग.

तुझा,
डॉमिनिक

———

साउथ मेसा
३० ऑक्टोबर १९७७

ती. लुडमिला मावशींस,
अँडीचा सा. न. वि. वि.

रोल पोचले. दुसऱ्या रविवारी आईने दार उघडलं असं कळलं, म्हणजे चाळीस डझन झाले! चार डझन तिने ठेवून घेतले, बाकी इकडे आले. माझ्या बायकोने पहिला खाल्ला आणि म्हणाली की आता कळलं, तुमच्या गावात युद्धं कशावरून होतात. तुमच्यावर राग नाही. तुमच्या स्वयंपाकघरात वाढलो, तुमच्यावर राग धरायचा तर आधी पोटातून तेवढं अन्न परत काढावं लागेल.

डॉमिनिकवर आहे. त्याची सहा पानं वाचली, दोनदा वाचली. पाकिटात घालून पाठवलेला विजारीचा तो तुकडा परत मागतोय. देणार नाही. मी तो माझ्या हेल्मेटच्या आत शिवून घेतलाय.

सत्तावीस नोव्हेंबरला आमचा सामना लेकहॅवनशी आहे. त्याला माझा निरोप द्या. हात पुसू दे, पट्टी ओढू दे, हवं तर उभ्याने नाचू दे. मी तिकडे बघणारसुद्धा नाही. मावशी, चार वर्षं मी त्याचे पास झेललेत. फेकायच्या आधी तो आणखी एक गोष्ट करतो. त्याची त्यालाही कल्पना नाही, आणि तिचा डाग तुमच्या कुठल्याच कपड्यावर पडत नाही. रिव्हर्टनमध्ये प्रशिक्षकांनी मला दहादा विचारलं होतं की तू तर त्याला लहानपणापासून ओळखतोस, अजून काही आहे का. मी म्हटलं, नाही. सांगितलं असतं तर आज तिथेच असतो. इथेही विचारलं. इथेही नाहीच म्हटलं.

ते मी कोणाला विकणार नाही. ते मी माझ्यासाठी ठेवलंय. काय आहे म्हणून विचारील तो, जीव खाईल तुमचा. त्याला म्हणावं, सामना संपल्यावर येईन तुझ्याकडे आणि कानात सांगीन, गेल्या वेळेसारखंच. या वेळी हात पुढे ठेव.

सर्वांवर लोभ आहे. डॉमिनिकच्या वाट्याचा तेवढा त्या दुपारी तीन तास बाजूला काढून ठेवतो.

आपला,
अँडी